जेसीबीची बॅटरी-डिझेल चोरी कशी थांबवली (माझा अनुभव)

पारोळ्याजवळ ५३ नंबर हायवेला लागून आमचं नाला खोलीकरणाचं काम चालू होतं, जेसीबी रात्री तिथंच उभा. १५ दिवसात २ वेळा बॅटरी गेली नि टाकीतलं डिझेल पण, ऑपरेटर बिचारा रडकुंडीला आला. चावी काढून नेली म्हणजे झालं असं समजू नका भाऊ, एकाच मेकच्या (कंपनीच्या) बऱ्याच मशीनला एकच चावी लागते. मी बॅटरीच्या लाईनला छुपा कटऑफ स्विच (बॅटरीचा करंट तोडणारं बटण) टाकला, बॅटरी बॉक्सवर लोखंडी पट्टी वेल्ड करून कुलूप लावलं नि जीपीएस स्वतःची बॅटरी असलेलाच घेतला, कारण चोर पहिले मेन वायर तोडतो. आता रात्री बकेट जमिनीला टेकवून टाकीच्या बाजूला ट्रॅक्टर चिकटून लावतो. चेसिस नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, तक्रारीला लागतो.