छोटा ड्रोन जास्त वेळ हवेत ठेवायचा तर

शाळेतली मुलं ड्रोन घेऊन येतात आणि पहिल्यांदा मोठी बॅटरी मागतात. मी आधी सोनारी वजनकाटा पुढे ठेवतो. हवेत एका जागी तरंगायला लागणारी शक्ती वजनापेक्षा वेगाने वाढते: वजन १० टक्के वाढलं की शक्ती साधारण १५ टक्के जास्त लागते. म्हणून बॅटरी दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही.

एकेक भाग तोला. माझ्या पहिल्या २४० ग्रॅमच्या ड्रोनमधून लांब स्क्रू, जादा वायर आणि बॅटरी जोडायला उगाच लावलेला मोठा एक्सटी६० कनेक्टर काढला. त्याच्या जागी छोटा एक्सटी३० बसवला. सगळं मिळून १९ ग्रॅम उतरले. कॅमेऱ्याच्या संरक्षक पट्ट्याही काढल्या. पडला तेव्हा त्याची किंमत मोजली, तरी त्या परत लावल्या नाहीत.

मग प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा. खरी बचत इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं. तेवढंच वजन उचलायला व्यास दुप्पट केला तर लागणारी शक्ती, गणिताने, निम्मी होते. फ्रेममध्ये मावेल तेवढा मोठा, दोन पात्यांचा प्रॉप घ्या. तीन पाती वळणाला चपळ असतात, पण वीज जास्त खातात. मात्र मोठ्या प्रॉपला कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे कमी फेरे घेणारी मोटर लागते. जुन्याच मोटरवर लावून पाहायचं असेल तर मिनिटभर उडवून उतरवा आणि मोटरला बोट लावा. बोट टेकवत नसेल तर तो प्रॉप लगेच काढा.

प्रत्येक बदलानंतर वारा नसताना, कमरेइतक्या उंचीवर स्थिर ठेवून स्क्रीनवरचे अँपिअर वहीत लिहा. एका वेळी एकच बदल.

शांतपणे उडवायचा असेल तर १८६५० या मापाचे गोल लिथियम-आयन सेल पाहा. त्याच वजनात लिपोपेक्षा, म्हणजे ड्रोनमधल्या नेहमीच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीपेक्षा, बरीच जास्त ऊर्जा मिळते, पण अचानक थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा जोर वाढवला, की व्होल्टेज कोसळतं. कसरतींसाठी लिपोच बरी. ती सेलमागे ३.५ व्होल्टला आली की उतरवा.

मामांच्या तासगावच्या द्राक्षबागेचे फोटो काढताना मी ओळीओळीवर थांबायचो. आता हळू पण सलग पुढे नेतो, कारण मध्यम वेगाने पुढे जाताना एका जागी तरंगण्यापेक्षा कमी शक्ती लागते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत जातो. दुपारच्या तापलेल्या विरळ हवेत तोच ड्रोन जास्त अँपिअर ओढतो, हे माझ्या वहीत दर एप्रिलला दिसतं.