सरावाचे प्रश्न मिसळून सोडवा

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये सकाळी गणित, दुपारी विज्ञान, रात्री सामान्य ज्ञान अशी वेळापत्रकं भिंतीला चिकटवलेली दिसतात. नवा धडा शिकायला ते ठीक. सराव मात्र मिसळूनच करावा. शेकडेवारीची गणितं ओळीनं सोडवताना कोणती रीत लावायची हे आधीच ठाऊक असतं. परीक्षेत खरी अडचण ती ओळखण्याचीच असते.

एकाच विषयावर तिन्ही अंगांनी प्रश्न काढून बघा. किल्लारीचा भूकंप घ्या. तारीख? ३० सप्टेंबर १९९३. रिश्टर मापनावर एक अंक वाढला की ऊर्जा किती पट? साधारण ३२. प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला ६ किमी आणि दुय्यम लहरींचा ३.५ किमी धरला, तर ८४ किमीवर त्या किती फरकानं पोचतील? १४ आणि २४ सेकंद, म्हणजे १० सेकंदांच्या.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, प्रश्नामागे जेमतेम ५४ सेकंद. म्हणून घड्याळ लावूनच बसा. सुरुवातीला गुण घसरतील (घसरतातच), त्याला भिऊ नका. चुकलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका आणि आठवड्यानं, विषय न बघता, हाताला लागेल ती चिठ्ठी उचला.