ओपनिंग निवडताना पाठांतर कमी करा

नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, तेव्हापासून सिडकोतल्या आमच्या गच्चीवर रविवारी येणाऱ्या प्रत्येक पोराला ग्रँडमास्टरांचीच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, हवी असते. हौस मलाही होती. मी सिसिलियन नाजडॉर्फ या ओपनिंगच्या पंधरा चाली घोकून स्पर्धेला गेलो. समोरच्या आठवीतल्या मुलीने दुसऱ्याच चालीला प्यादं सी३ या घरावर ठेवलं आणि माझं पाठांतर तिथेच आटोपलं!

पांढऱ्याकडून इटालियन ओपनिंग घ्या: प्यादं ई४, घोडा एफ३, उंट सी४. उंटाची नजर एफ७ वर असते. त्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचाच आधार. पण तिथे लगेच घोडा-उंट झोकू नका. आधी कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं), मग प्यादी डी३, सी३.

काळ्याकडून ई४ ला ई५ पुरे. कोंडल्यासारखं वाटलं, तर कॅरो-कान: सी६, मग डी५. डी४ ला डी५ द्या, पुढचं पुढे बघू.

निवडलेली ओपनिंग तीसेक डाव तरी बदलू नका. हरलात की वहीत एवढंच लिहा: कितव्या चालीला गोंधळलो? आमच्याकडचं उत्तर बहुधा बारावी-तेरावी असतं, म्हणजे ओपनिंग संपल्यावर.