मंडळीच्या सुवार्ताकार्यात प्रभूचा हात कसा ओळखावा

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वार्षिक अहवालात सुवार्ताकार्याचा परिच्छेद बहुधा आकड्यांनी भरलेला असतो: किती पत्रके वाटली, किती घरांना भेटी दिल्या, किती बाप्तिस्मे झाले. हे आकडे अवश्य लिहावेत. परंतु त्यांवरून आपण काय केले एवढेच कळते, देव काय करीत आहे हे कळत नाही. हा दुसरा प्रश्न पाळकांनी आणि पंचांनी कसा हाताळावा, याची एक पद्धत येथे मांडत आहे. तिचा आधार नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे, म्हणून आधी तो अध्याय सर्वांनी मिळून, घाई न करता वाचावा.

स्तेफनाच्या मृत्यूनंतर झालेल्या छळामुळे पांगलेल्या शिष्यांपैकी कुप्र आणि कुरेने येथील काही जण अंत्युखियास गेले व तेथील हेल्लेणी, म्हणजे यहूदी नसलेल्या ग्रीक, लोकांनाही सुवार्ता सांगू लागले. ही बातमी यरुशलेमेस पोहोचल्यावर तेथील मंडळीने आपल्यातील बर्णबा नावाच्या शिष्याला पाठवले, आणि तेथे देवाची कृपा पाहून त्याला आनंद झाला. कृपा डोळ्यांना दिसते ती कशी? अध्याय नीट वाचला तर उत्तर त्यातच सापडते. ज्यांनी प्रथम सुवार्ता सांगितली त्यांची नावे कोणी नोंदवलेली नाहीत. ज्यांच्याशी बोलण्याची रीत नव्हती त्यांच्याशी ते बोलले होते. ऐकणारे पुढे वर्षभर शिकत राहिले. आणि रोमी सम्राट क्लौद्याच्या काळातील दुष्काळाचे भाकीत ऐकताच या कोवळ्या मंडळीने यहूदियातील बांधवांसाठी यथाशक्ती मदत पाठवली. आपणही याच गोष्टी शोधायच्या आहेत.

त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर आपण ठरवून केलेले काम लिहावे आणि उजव्या पानावर आपण न ठरवता घडलेले. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी उपासनेनंतर, चार-पाच जणांनी बसून ती वाचावी. आमच्या वहीत डाव्या बाजूला एक नोंद अशी आहे: ‘नाताळाची गाणी, मागची वस्ती, ४० घरे.’ तिच्यासमोरचे पान तीन आठवडे कोरे होते. मग तेथे एका बहिणीने लिहिले की, कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवाल्या बाईंनी वांगी तोलता तोलता तिला विचारले, “ते क्षमेचं गाणं म्हणता ना तुम्ही, ते म्हणणाऱ्याला खरंच कोणाला माफ करावं लागतं का हो?” त्या बाईंचे आपल्या धाकट्या दिराशी अकरा वर्षे बोलणे नव्हते. अहवालात या प्रश्नाला कोणताही रकाना नाही. माझ्या मते मात्र त्या वर्षीच्या नोंदींत याहून मोठी नोंद नाही, कारण हा प्रश्न आमच्यापैकी कोणी त्या बाईंच्या मनात घातलेला नव्हता. फिलिप्पैच्या नदीकाठी प्रेषित पौल बोलला खरा, परंतु ऐकणाऱ्या लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले, असे शास्त्र म्हणते. उजवे पान त्या उघडण्यासाठी आहे.

नोंद करताना श्रेय कोणाकडे जाते हेही पाहावे. जेथे एकाच व्यक्तीला सारे श्रेय देता येते तेथे जरा थांबावे, आणि जेथे ते कोणालाच पुरते देता येत नाही तेथे अधिक लक्ष द्यावे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. हा गृहस्थ कोण होता हे टिळकांनाही पुढे कळले नाही. त्यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परतल्या, आणि स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांचा हिशेब कोणत्या मिशनरीने आपल्या खात्यावर मांडायचा?

यानंतर दृष्टी बाहेरून आत वळवावी, आणि हे काम अवघड आहे. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे संजीवन (आत्मिक जागृती) झाले त्यात आधी पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेसाठी गट जमवले, जूनअखेरीस मुलींमध्ये पापांची कबुली आणि रडणे सुरू झाले, आणि मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यास गेल्या. हा क्रम लक्षात घ्यावा. आपल्या मंडळीत अबोला धरलेले दोन पंच पुन्हा बोलू लागले काय, ज्या वस्तीत आपण कधी चहा घेत नव्हतो तेथे तो घेऊ लागलो काय, हे प्रश्न त्या वहीत यायलाच हवेत. ते वगळून बाहेरच्यांच्या पश्चात्तापाची मोजदाद करणे मला तरी लाजिरवाणे वाटते.

फसव्या खुणांबद्दल फार लिहीत नाही. गर्दी, अश्रू आणि वर झालेले हात यांवरून काहीच सिद्ध होत नाही, ना होकार ना नकार. अमेरिकेतील जागृतीच्या ऐन भरात, १७४१ साली, धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी न्यू हेवनला हेच प्रतिपादन केले होते. शोमरोनातील जादूगार शिमोनाने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला आणि लगेच आत्म्याच्या दानासाठी पैसे पुढे केले, म्हणून प्रत्येक नोंद सहा महिन्यांनी पुन्हा वाचावी. जेथे धान्य, फी किंवा नोकरी विश्वासाशी जोडली गेली असेल तेथील नोंद सरळ खोडावी. मदत करावी, पण ती नकार देणाऱ्यालाही तितकीच मिळावी. आजारातून बरे झाल्याची साक्ष लिहिताना डॉक्टरांचे औषध चालू आहे ना, हेही विचारावे.

उजवे पान पुष्कळ दिवस कोरे राहिले तर ते कोरेच ठेवावे. ओढूनताणून भरू नये. मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरले आणि त्यांच्या कार्यातील पहिला बंगाली विश्वासी कृष्ण पाल याचा बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये झाला. मधल्या सात वर्षांत केरी बंगाली शिकत होते आणि नव्या कराराचे भाषांतर करीत होते. अशा काळात डावे पान तपासावे: आपण लोकांच्या भाषेत बोलतो आहोत का, की केवळ मंडळीतल्या शब्दांत?

खूण सापडली की बर्णबाने जे केले ते करावे. त्याने उत्साहाच्या भरात मोठी सभा भरवली नाही. तो तार्सास गेला, शौलाला (पुढच्या पौलाला) शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर शिकवले. म्हणजे नोंदीसमोर एका माणसाचे नाव लिहावे, आणि ते पाळकाचेच असावे असे नाही. भाजीवाल्या बाईंच्या नोंदीसमोर आम्ही एका निवृत्त परिचारिकेचे नाव लिहिले. त्या दर गुरुवारी दुपारी, गिऱ्हाईक नसते तेव्हा, गाडीशेजारच्या उलट्या क्रेटवर जाऊन बसतात. दिराशी अजून बोलणे झालेले नाही; गेल्या महिन्यात मात्र त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला बाई जाऊन आल्या, आणि तेवढेच आम्ही लिहिले.