लग्नाच्या व्हिडिओसाठी कॅमेरा आणि लेन्स कशी निवडाल? आधी हॉल मोजा

लग्नं शूट करायला सुरुवात करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘ताई, कोणता कॅमेरा घेऊ?’ मी उलट विचारते, ‘हॉल कोणता?’ समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. पण दादरच्या जुन्या मंगल कार्यालयात, ठाण्याच्या एसी बँक्वेटमध्ये आणि गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात जे सामान चालतं ते एकच नसतं. कॅमेऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी ठरतं. यूट्यूबवरचे सल्ले नेमके तिथूनच सुरू होतात, म्हणून लोक चुकीच्या वस्तूवर वडिलांचे पैसे घालतात.

१. आधी काम ठरवा. ट्रॅडिशनल करणार, म्हणजे ग्रहमखापासून पाठवणीपर्यंत सलग सगळं, की सिनेमॅटिक, म्हणजे पाच मिनिटांची हायलाइट आणि रीलं? मुंबईतलं मराठी गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोन्ही मागतं आणि पैसे एकाचेच देतं. त्यामुळे दोन्ही येणार असंच धरून चला.

२. हॉल मोजा आणि लेन्स ठरवा. इथे मी दोन वर्षं धडपडले, म्हणून सविस्तर सांगते.

माझी पहिली चांगली लेन्स होती ८५ एमएम, एफ १.८. (एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं आणि अरुंद होतं; एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त आणि मागचं धूसर.) सगळे म्हणाले होते, ‘बॅकग्राउंड लोण्यासारखं वितळतं.’ वितळतं खरं. ठाण्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती, मी स्टेजच्या कडेला, जोडप्यापासून तीनेक मीटरवर. शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. घरी येऊन पाहिलं तर नवरीच्या मुंडावळ्या काचेसारख्या स्वच्छ आणि नवरदेव धुक्यात. त्यात अक्षतांचा मारा सुरू झाल्यावर ऑटोफोकसने तांदूळ पकडले. पुढचे चार सेकंद फोकस हवेत तरंगत होता. अंतरपाट पुन्हा धरायला लावता येत नाही. नवरीच्या आईने व्हिडिओ पाहून एवढंच विचारलं, ‘आमचे जावई कुठेत?’

हे का झालं, ते कागदावर आधीच कळलं असतं. ८५ एमएमवर एफ १.८ ठेवून तीन मीटरवर फोकस केला तर स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम १३ सेंटीमीटरचा. स्टेजच्या कोपऱ्यातून तिरकं शूट करताना वधू-वर तुमच्यापासून सारख्या अंतरावर नसतात. एकाचं नाक स्पष्ट असेल तर दुसऱ्याचं अख्खं डोकं बाहेर जातं. तेच ३५ एमएमवर एफ २.८ ठेवा, अंतर तेवढंच, की पट्टा जवळजवळ सव्वा मीटरचा होतो. दोघं त्यात बसतात, मागे उभा असलेला मामाही बराचसा बसतो. ‘जेवढं छिद्र मोठं तेवढं प्रोफेशनल’ हा सल्ला देणाऱ्याने अंतरपाटाच्या बाजूला उभं राहून कधी शूट केलेलं नसतं.

दुसरा हिशोब चौकटीच्या रुंदीचा. हा पाठ करा. फुलफ्रेम कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ३६ एमएम रुंद असतो त्यात, चौकटीत किती रुंदी मावेल? अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचा एमएम. तीन मीटरवरून ३५ एमएम लावली तर सुमारे तीन मीटर रुंदी मिळते: वधू-वर, दोन्ही मामा, करवली, सगळे. त्याच जागेवरून ८५ एमएम लावली तर सव्वा मीटर, म्हणजे दोन चेहरे आणि मधला अंतरपाट. मागे सरकू म्हणाल तर मागे फोटोग्राफर, त्याचा असिस्टंट आणि मोबाइल उंचावलेले सगळे काका. मुंबईच्या स्टेजवर मागे सरकायला जागा असते हा भ्रम सोडा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३६ ऐवजी २४ धरा.

म्हणून लग्न ठरलं की मी हॉलवर एक फेरी मारते. टेप लागत नाही, पावलं मोजली तरी चालतं. स्टेजची रुंदी, स्टेजपासून पहिल्या खुर्चीपर्यंतचं अंतर, आणि मागचा कॅमेरा लागणार तिथपासून जोडप्यापर्यंतचं अंतर, एवढं वहीत लिहायचं. समजा मागचं अंतर १२ मीटर आलं. तिथून ७० एमएमवर सहा मीटरहून जास्त रुंदी येते: फुलांची कमान, एलईडी वॉल आणि मधे दोन ठिपके. २०० एमएमवर दोन मीटरच्या आसपास. मागच्या ट्रायपॉडसाठी ७०-२०० का लागते याचं उत्तर एवढंच आहे.

यातून माझी क्रमवारी निघते आणि तिच्यावर मी वाद घालत नाही. पहिली लेन्स २४-७० एफ २.८. दुसरी ७०-२०० एफ २.८. तिसरी ३५ एमएम एफ १.८, हळद आणि तयारीसाठी, कारण घरातल्या ट्यूबलाइटमध्ये झूम अंधारते. ८५ चौथी, आणि तीही पोर्ट्रेटसाठी, विधीसाठी नाही.

टॅमरॉनची २८-७५ स्वस्त आणि हलकी आहे, पुष्कळ जण तीच घेतात. चित्र उत्तम. पण २८ आणि २४ मधले चार एमएम मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंतीला पाठ टेकल्यावर कळतात. दोन मीटरवरून २४ एमएमला तीन मीटर रुंदी मिळते, २८ एमएमला अडीचच्या थोडं वर. चुडा भरताना बाजूला बसलेली मावशी त्या अर्ध्या मीटरमध्येच असते.

कॅमेऱ्याबरोबर येणारी ३.५-५.६ ची किट लेन्स घरी ठेवा. झूम केल्यावर ती ५.६ वर जाते, म्हणजे २.८ च्या चौथाई उजेडावर काम करते.

राहिला अक्षतांचा प्रश्न. फेस डिटेक्शन चालू ठेवा आणि मंगलाष्टकांपुरती फोकसची चपळाई मुद्दाम कमी करा. सोनीत सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी १ ते ५ असते, मी १ वर आणते. मग समोरून तांदूळ गेले, कोणाचा हात गेला, तरी फोकस चेहऱ्याला चिकटून राहतो. सप्तपदीला परत ३ वर, कारण तिथे माणसं खरंच चालतात.

३. उजेड तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर, म्हणजे एका फ्रेमला सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर एका फ्रेममध्ये बरोबर दोन झोत येतात, १/१०० ठेवलं तर एक. परदेशी ट्यूटोरियल ऐकून १/६० ठेवलं की दीड-पावणेदोन झोत येतात आणि पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागतात. म्हणून कॅमेरा पहिल्याच दिवशी मेनूतल्या पाल (PAL) या ५० हर्ट्झच्या व्हिडिओ पद्धतीवर टाका: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. स्लो मोशन हवं असेल तर हॉलमध्ये ५० किंवा १०० फ्रेम, शटर १/१००. १२० फ्रेमचा मोह गोरज मुहूर्ताच्या आधी, मोकळ्या उन्हात पुरवून घ्या.

डेकोरेटरचे डिमरवरचे स्वस्त एलईडी मात्र हे गणित पाळत नाहीत, ते स्वतःच्याच तालावर लुकलुकतात. त्यासाठी शटर बारीक पायऱ्यांनी हलवता येणारा कॅमेरा सोयीचा. नसेल तर डिमर पूर्ण वर करायला सांगा, लुकलुक बहुधा कमी होते. जांभळ्या एलईडीपुढे कोणताच कॅमेरा चालत नाही. लाल शालूचा आणि नवरीच्या हळदीचा, दोन्हींचे रंग बिघडतात. विधी सुरू व्हायच्या आत डेकोरेटरच्या मुलाला चहा पाजून तो दिवा बंद करवून घ्या. आणि फोटोग्राफरच्या फ्लॅशने अर्धीच फ्रेम पांढरी झाली तर कॅमेरा बिघडला म्हणून धावू नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून तसं होतं.

४. आता बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. यावर लोक महिनाभर वाद घालतात, मला चार अटी पुरतात. सलग रेकॉर्डिंगला मर्यादा नको. जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबायचं. त्यामागे युरोपातल्या करांचं कारण होतं, पण गुरुजींचे विधी तेवढ्यात आटोपत नाहीत. कार्डाचे खाचे दोन हवेत, दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, यात सूट नाही. एचडीएमआय पोर्ट पूर्ण आकाराचं हवं, कारण हॉलच्या एलईडी वॉलला लाइव्ह द्यायची वेळ येतेच आणि मायक्रो पोर्ट एका धक्क्यात ढिलं होतं. चौथी अट म्हणजे ६४०० आयएसओवर, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळवायला आकडा एवढा वाढवल्यावरही, चेहरा स्वच्छ यायला हवा.

या चाळणीतून सोनीचे ए७ फोर आणि ए७एस थ्री व पॅनासोनिकचा एस५ टू उतरतात. ए७ फोरमध्ये ४के ५० किंवा ६० फ्रेमला चौकट दीडपटीने आत येते, म्हणजे तुमची २४ एमएम तिथे ३६ सारखी वागते. वरचा हिशोब त्याप्रमाणे बदला. ए७एस थ्री फक्त १२ मेगापिक्सेलचा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. व्हिडिओला तेवढे भरपूर होतात आणि अंधारात त्याच्या चित्रात बाकीच्यांपेक्षा दाणे कमी येतात. दुसरा कॅमेरा त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर एडिटला बसल्यावर एका कोनातून शालू लाल आणि दुसऱ्यातून नारिंगी.

५. कार्ड, बॅटरी, आवाज. १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट लिहिले तर, तासाला ४५ जीबी जातात, त्या मानाने कार्ड घ्या. बॅटऱ्या कॅमेऱ्यामागे चार. आवाजासाठी गुरुजींच्या उपरण्याला छोटा रेकॉर्डर. कॅमेऱ्याच्या माइकवर फक्त वाजंत्री येते.

६. घेण्याआधी भाड्याने आणा. अंधेरीत दिवसाच्या भाड्याने सगळं मिळतं. ठरवलेली बॉडी आणि २४-७० एका खऱ्या लग्नाला न्या. पैसे घेऊन नाही, चुलत बहिणीच्या लग्नात. गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हातातल्या दांड्यावर, दोन तास धरून बघा आणि नंतर तीच बॅग खांद्यावर टाकून दादरला संध्याकाळी सहाची लोकल पकडा. जुनी ७०-२०० दीड किलोची असते, नवी सोनीची किलोभराची. दुकानात हा फरक आकड्यांचा वाटतो, फलाटावर तो मानेत उतरतो.

७. खरेदी. फोर्टला, बोरा बाजारच्या दुकानांत. भाव तीन ठिकाणी विचारा, पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय आणलेला परदेशी माल स्वस्त पडतो, पण त्याला इथली वॉरंटी नसते, आणि जपानातल्या सोनीत तर मेनूच जपानी असतो.

बॉडी वापरलेली घेतली तर फारसं बिघडत नाही. वापरलेली लेन्स घेताना डोळे उघडे ठेवा, कारण मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. छिद्र पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे कण सुटे दिसतात, त्यांचं काही नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे काचेवर पसरलेले दिसले तर दुकानदार कितीही म्हणो, ‘पुसून देतो मॅडम’, लेन्स काउंटरवर ठेवायची आणि पुढच्या दुकानात जायचं.