‘मिळतात की औषधं!’ : तालुक्यातल्या मेडिकलांचा अभ्यास करताना

बी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी लॅबमध्ये गोळ्या बनवल्या, मी मात्र नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका आदिवासी तालुक्यात फिरले. तालुक्याचं नाव लिहीत नाही, दुकानं मोजकीच आहेत आणि लगेच ओळखू येतील. प्रश्न साधा होता: इथल्या लोकांना लागणारी औषधं त्यांना इथल्या मेडिकलांतून मिळतात का? आता डी.फार्मलाही (फार्मसीचा डिप्लोमा) ‘सोशल फार्मसी’ हा विषय आहे आणि फार्म.डी.ला (फार्मसीची डॉक्टरेट पदवी) पाचव्या वर्षी सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असतो. त्यामुळे दरवर्षी कुणीतरी ज्युनियर फोन करून विचारतं, "ताई, सुरुवात कुठून करू?" म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय.

नकाशापासून करू नका. मी केली होती. प्रत्येक मेडिकलभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं, रंग भरले, गाइडना दाखवलं. त्यांनी एका पाड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथले पेशंट उडत जातात का?" पाडा वर्तुळाच्या आत होता, पण मधे नदी आणि घाट. रस्त्याने जायचं तर तिप्पट अंतर, आणि परतीची शेवटची एसटी दुपारीच. दुसऱ्या दिवशी मी त्याच एसटीने गेले. दोन-तीन रुपयांच्या गोळीसाठी तिकीट आणि बुडालेली मजुरी मिळून किती खर्च येतो, हे त्या दिवशी कळलं. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, वेळेत आणि पैशात लिहा.

माझा पहिला फॉर्म तर पूर्ण फुकट गेला. त्यात प्रश्न होता, "तुम्हाला लागणारी औषधं गावाजवळ मिळतात का?" सगळ्यांचं एकच उत्तर, "मिळतात की!" पाहुणी दारात आलीय, तिला नाही कसं म्हणायचं? शिवाय जे औषध कधी पाहिलंच नाही, ते मिळत नाही असं कोण सांगणार? मग मी प्रश्न बदलला. घरात शेवटचं औषध कुणासाठी आणलं? कोण गेलं होतं? किती वाजता? दुकान उघडं होतं का? चिठ्ठीवर होतं तेच मिळालं की दुसरं काही दिलं? नसतं मिळालं तर काय केलं असतं? या शेवटच्या प्रश्नाने लोक बोलते झाले. एकाने रात्री मुलाला दमा उठल्यावर शेजाऱ्याचा इनहेलर मागून आणल्याचं सांगितलं. जुन्या फॉर्मात हे घर ‘समाधानी’ या रकान्यात गेलं असतं.

दुकानांच्या बाजूची पद्धत तयार मिळते. जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ ॲक्शन इंटरनॅशनल यांनी मिळून औषधांची उपलब्धता आणि किमती मोजायची पद्धत बसवली आहे. तिचा एक नियम मला सगळ्यात उपयोगी पडला: त्या दिवशी दुकानात डोळ्यांनी पाहिलं, तरच ‘आहे’ लिहायचं. आपल्याकडे काउंटरवरच्या ‘आहे’चे तीन अर्थ असतात: आहे, होलसेलरकडून उद्या येईल, आणि त्याच्याऐवजी हे घ्या. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत 384 औषधं आहेत. ती सगळी घेऊन फिरलात तर दुकानदार दुसऱ्यांदा उभं करणार नाही. पंचवीस-तीस निवडा, ताकदीसकट (किती मिलिग्रॅमची ते): शुगरची मेटफॉर्मिन 500, बीपीची ॲम्लोडिपिन 5, ओआरएस, झिंक, दम्याचा सालब्युटामॉल इनहेलर, फिटची एखादी गोळी, इन्सुलिन. आदिवासी भाग असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी हायड्रॉक्सीयुरियाही घ्या. सर्पदंशावरचं प्रतिविष आणि रेबीजची लस मेडिकलमध्ये शोधत बसू नका, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयच पाहायचं. तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला भेटल्याशिवाय तुमचा अभ्यास अर्धाच राहतो. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथून फुकट मिळत असतील, तर मेडिकलमध्ये नसल्या तरी ती उणीव वेगळ्या प्रकारची ठरते.

दुकानात शिरल्यावर पहिल्याच मिनिटाला "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं विचारू नका. एका ठिकाणी मी वही काढली तशी काउंटरवरच्या पोराने भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे पाहिलं आणि कुणाला तरी फोन लावला. दहा मिनिटांनी मालक धापा टाकत आला. "मॅडम, अन्न-औषधवाले का?" कॉलेजचं पत्र दाखवलं, दुकानाचं नाव कुठेच येणार नाही हे सांगितलं, तेव्हा कुठे चहा आला. (तो फार गोड होता. फील्डवर्कमध्ये चहाला नाही म्हणायचं नसतं.) औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि हा मुद्दा तुमच्या अभ्यासात यायलाच हवा, पण तो बघून लिहा, विचारून नाही.

माझा सगळ्यात चांगला दिवस मात्र फॉर्म न भरता गेला. आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळपासून एका मेडिकलच्या कट्ट्यावर नुसती बसून होते. एक म्हातारी आली. कनवटीतून पिशवी, पिशवीतून घडी केलेला कागद, कागदात चंदेरी पट्टीचा नखाएवढा तुकडा. गोळीचा एक रिकामा खळगा आणि त्यावर उरलेली ‘पिन 5’ एवढीच अक्षरं. नाव कापलेलं, एक्स्पायरी कापलेली. दुकानदाराने तुकडा हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि ॲम्लोडिपिनची पट्टी काढली. "पाचच दे," ती म्हणाली. त्याने कात्रीने पाच कापून दिल्या. मी विचारलं, "आजी, बाजार आठवड्याने. मग पाच कशा पुरतात?"

"दोन दिस नाय खात."

माझ्या फॉर्मात या व्यवहाराची नोंद झाली असती: ॲम्लोडिपिन 5, उपलब्ध, किंमत परवडणारी. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. त्या रात्री मी फॉर्मला एक रकाना जोडला: किती दिवसांच्या गोळ्या हव्यात आणि किती घेतल्या.

आणखी एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही, ती म्हणजे वेळापत्रक. आठवं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. मी पाड्यांवर पोचले तेव्हा घरामागून घराला कुलूप. दिवाळीनंतर माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जातात. ज्यांच्या औषधांची गरज मी मोजायला निघाले होते, ती माणसंच तालुक्यात नव्हती. महिन्याच्या गोळ्या घेऊन निघालेला बीपीचा पेशंट दोन महिन्यांनंतर काय करतो? मी दिंडोरीत मजूर उभे राहतात तिथे दोन सकाळी जाऊन विचारलं. बहुतेकांची चिठ्ठी घरीच राहिलेली होती. माझ्या अहवालातलं हेच प्रकरण परीक्षकांनी नीट वाचलं, आणि ते मूळ आराखड्यात नव्हतंच.

इंग्लंडमध्ये लोकांच्या गरजेला फार्मसी पुरतात का, हा आढावा कायद्याने होतो. प्रत्येक भागाचं हेल्थ अँड वेलबीइंग बोर्ड साधारण तीन वर्षांनी तो नव्याने काढतं, किमान 60 दिवस लोकांचं म्हणणं ऐकतं, आणि नवी फार्मसी उघडायचा अर्ज आला की तो आढावा समोर ठेवूनच निर्णय होतो. त्यांचे अहवाल मोफत वाचायला मिळतात. मांडणीसाठी एखादा जरूर वाचा, प्रश्न मात्र उचलू नका. तिथे वीस मिनिटं गाडीने असा हिशेब असतो, आपल्याकडे गाडी कुणाची ते आधी विचारावं लागतं.

प्रोजेक्ट संपल्यावर अहवालाची प्रत दुकानदारांना नेऊन द्यायची, हे मी स्वतःलाच सांगितलं होतं. चहावाल्या मालकाने चष्मा लावून सगळे तक्ते पाहिले. इन्सुलिनच्या ओळीत त्याच्या दुकानापुढे ‘नाही’ होतं. तो म्हणाला, "ठेवलं होतं मॅडम मागं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. फ्रीज असून काय करू? फेकून दिलं सगळं. ते तुमच्या फॉर्मात कुठं आहे?"

कुठेच नव्हतं. ज्युनियर्सना मी जो फॉर्म पाठवते, त्यात तो रकाना अजून पेनानेच लिहिलेला आहे.