जुनी हॉट हॅच (दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक) रेस ट्रॅकसाठी तयार करताना
गाडी घेतानाच खालून बघा, सिल (दारांखालची बॉडीची पट्टी) आणि पुढच्या स्ट्रट टॉवरला (सस्पेन्शन वर जिथे बॉडीला बसतं ती जागा) गंज असेल तर सरळ सोडून द्या, इंजिन बदलता येतं पण सडलेली बॉडी नाही. घरी आणली की पॉवर वाढवायच्या नादाला लागू नका, आधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, कूलंट, ऑईल. मग ब्रेक, खरा जीव तिथेच आहे! ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, नवीन डॉट ४ (या फ्लुइडचा एक ग्रेड) किमान २३० डिग्रीला उकळतं पण ओलावा धरला की १५५ पर्यंतही येऊ शकतं आणि मग पेडल थेट खाली जातं, म्हणून ताजं भरा, चांगले पॅड टाका, टायर कधी बनलाय ती तारीख बघा. मागची सीट काढली की वजन फुकटात कमी होतं.